मीटर्सचा फड का फुटला? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात बेस गिटारवर लिहिताना मी एका वाक्यात ‘न्यू ऑर्लिन्सचे द मीटर्स’ असं लिहून पुढे गेलो, आणि त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आली की संपादक म्हणाले या महिन्याचं सदर त्यांनाच देऊन टाक. तर घ्या. ज्यांनी ढोलकीची शाई कुठे मिळते ते विचारलंय त्यांनी पुढच्या महिन्यापर्यंत दम धरा.

कोण हे मीटर्स? यूट्यूबवर ‘सिसी स्ट्रट’ लावलं, भारी वाटलं, पण गाणारा आता येईल मग येईल म्हणून बसलो तर तीन मिनिटांत गाणंच संपलं! (एक कॉलेजकुमार, सांगली)

अरे येणारच नव्हता गाणारा. गंमत अशी की गाणारे होते, त्यांना जागा नव्हती.

न्यू ऑर्लिन्स म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेला, मिसिसिपी नदीच्या काठचं लुइझियानातलं शहर. तिथला आर्ट नेव्हिल हा की-बोर्डवाला, चौघांत वयाने आणि नावानेही मोठा, कारण १९५४ साली पोरसवदा असतानाच ‘हॉकेट्स’ नावाच्या बँडमधून त्याने ‘मार्डी ग्रा मॅम्बो’ गायलं होतं आणि त्या गावात कार्निव्हलला ते अजूनही वाजतं. साठच्या दशकाच्या मध्यावर त्याने नवीन बँड जमवला, ‘नेव्हिल साउंड्स’, त्यात त्याचे धाकटे भाऊ एरन आणि सिरिल गायचे. मग बर्बन स्ट्रीटवरच्या ‘आयव्हनहो’ नावाच्या बारमध्ये रोजचं काम मिळालं, पण तिथे चौघांचीच सोय. भाऊ बाहेर. उरले ते चौघं म्हणजेच पुढचे मीटर्स: ऑर्गनवर आर्ट, गिटारवर लिओ नोसेंटेली, बेसवर जॉर्ज पोर्टर ज्युनियर आणि ड्रमवर झिगाबू मोडलिस्ट (पाळण्यातलं नाव जोसेफ, पण झिगाबूच म्हणायचं, जोसेफ म्हटलं तर कुणाला कळणार नाही). गायक नाहीत म्हटल्यावर वाजवण्यातूनच गाण्याची भरपाई करायची, असं करत करत त्यांचा तो कोरडा, चिमटीत धरल्यासारखा आवाज तयार झाला.

तिथे त्यांना ॲलन टूसाँने गाठलं. हा त्या गावचा सगळ्यात मोठा गीतकार-संगीतकार-निर्माता, आणि त्याचा व्यवहार बघणारा भागीदार मार्शल सीहॉर्न. त्यांना गायकांच्या मागे वाजवायला स्टुडिओचा घरचा बँड हवा होता. ली डॉर्सीसारख्यांच्या मागे ही पोरं वाजवायला लागली आणि मधल्या वेळात स्वतःचं काहीबाही रेकॉर्ड करायला लागली. त्या काहीबाहीतलं एक म्हणजे ‘सिसी स्ट्रट’, १९६९. कृष्णवर्णीयांच्या संगीताच्या, म्हणजे आर अँड बी यादीत चौथ्या नंबरपर्यंत आणि पॉपच्या यादीत २३ पर्यंत गेलं, तेही एक शब्द न गाता.

मीटर्स फंक की रॉक? आमच्या ग्रुपमध्ये यावरून भांडण झालंय, निकाल द्या. (एक वाचक, डोंबिवली)

दोघांनाही अर्धे अर्धे मार्क. १९६९-७० चे जोसी कंपनीचे रेकॉर्ड घेतले तर ते निखळ फंक, म्हणजे सुरावटीपेक्षा ठेक्यावर उभं राहिलेलं कृष्णवर्णीय अमेरिकन नाचाचं संगीत, त्यात चरबी नावाला नाही. मग जोसी कंपनी बुडाली, मीटर्स १९७२ ला रिप्रीझ या मोठ्या लेबलकडे गेले आणि ‘कॅबेज ॲली’पासून गाणं वाढलं, गिटारला खरखर आली, गाणी लांबायला लागली. १९७४ चा ‘रिजुव्हिनेशन’ आणि १९७५ चा ‘फायर ऑन द बायू’ ऐकताना हे रॉक नाही असं म्हणायला जीभ रेटत नाही. आणि पुरावाच हवा असेल तर रेड हॉट चिली पेपर्स हा अमेरिकन रॉक बँड. त्यांनी ‘रिजुव्हिनेशन’मधलं ‘आफ्रिका’ उचललं, त्याचं ‘हॉलिवूड’ केलं आणि १९८५ च्या ‘फ्रीकी स्टायली’मध्ये घातलं, ज्याचा निर्माता होता फंकाडेलिक या फंक बँडवाला जॉर्ज क्लिंटन. म्हणजे पुढे ज्याला जगाने फंक-रॉक म्हटलं त्याच्या घरातली भांडी कुठून आली ते बघा.

भांडण मिटलं असेल तर चहा पाजा एकमेकांना.

मी ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवतो. झिगाबूचा ठेका कागदावर लिहून घेतला, हात बसवला, क्लिक (ठोका मोजणारी यंत्राची टकटक) लावून तंतोतंत वाजवतो, तरी ते तसं लागत नाही. काय चुकतंय? (एक ड्रमर, कोल्हापूर)

कागदच चुकतोय. चिडू नका, सांगतो.

न्यू ऑर्लिन्समध्ये अंत्ययात्रेला ब्रास बँड असतो. जाताना संथ, दुःखाचं वाजवतात, आणि माती देऊन परतताना तोच बँड उसळतो. बँड आणि घरची माणसं ही पहिली ओळ, आणि त्यांच्या मागे छत्र्या-रुमाल नाचवत जे गाव लागतं ती सेकंड लाइन. आपल्याकडे विसर्जनाच्या मिरवणुकीत पथक पुढे असतं आणि मागे कुणी बोलावलेलं नसताना जी गर्दी पावलं टाकत येते ना, ती. या मिरवणुकीत मोठा ड्रम एकाच्या गळ्यात, स्नेअर, म्हणजे करकरणारा छोटा ड्रम, दुसऱ्याच्या गळ्यात. दोन माणसं, दोघांची चाल थोडी वेगळी, म्हणून त्या लयीला एक हेलकावा येतो. गावच्या ड्रमरांनी पुढे ते दोघांचं काम बसून एकट्याने करायला सुरुवात केली, पण हेलकावा ठेवला. तुम्ही क्लिक लावलं की दोघांचा एक माणूस होतो आणि तिथेच ते मरतं.

दुसरं म्हणजे सम. जेम्स ब्राउनच्या फंकमध्ये सम म्हणजे सम, धाडकन येते, सगळे तिथे एकत्र पाय आपटतात. झिगाबू समेला नुसता हात लावतो आणि पुढे जातो, आणि हाय-हॅट (पायाने मिटायच्या झांजा), स्नेअर, बास ड्रम हे एकमेकांच्या अंगावर न पडता एकामागे एक येतात, जिथे एक बोलतोय तिथे दुसरा गप्प. ‘सिसी स्ट्रट’मध्ये गिटार आणि बेस मिळून एकच सुरावट वाजवतात, ती थांबते तिथे ड्रम दोन शब्द बोलून घेतो. ती थांबायची जागा भरायचा मोह होतो, आपल्या ऑर्केस्ट्रात तर रोल मारल्याशिवाय पैसे वसूल झाल्यासारखं वाटत नाही.

माझाच किस्सा सांगतो. नव्वदच्या दशकात पुण्यात आमचा एक बँड होता (बँड म्हणजे काय, चार जण आणि एकच ॲम्प्लिफायर), मी बेसवर. परदेशातून आलेल्या एका मित्राने भरून दिलेली मीटर्सची कॅसेट होती, ती लावून लावून पट्टी सैल झालेली. आमचा ड्रमर परीक्षेच्या नावाखाली गायब झाला म्हणून ज्याच्या वाड्यात आम्ही वाजवायचो त्याने नारायणगावकडच्या त्याच्या एका काकांना आणलं, ते फडात ढोलकी वाजवायचे. पांढरी टोपी, खिशात चंची, आल्या आल्या गुळाचा चहा मागितला. कॅसेट ऐकवली. पहिल्यांदा ऐकताना मान हलवली नाही, दुसऱ्यांदा मांडीवर एक बोट, तिसऱ्यांदा टेप बंद करायला लावला आणि म्हणाले, “ह्यो गडी वाजवत न्हाय रं, वाजवायचं ठेवतोय.” मग ढोलकी घेतली आणि जो मधला भाग आम्ही दोन महिने धाडधाड भरत होतो तो नुसता एका घिश्शावर काढला, बाकी मोकळं. मी बेस वाजवायचा विसरलो.

तर क्लिक बंद करा आणि रोज एक टोला कमी करत जा. जिथे अजून कमी केलं तर पडेल असं वाटतं त्याच्या एक पाऊल अलीकडे थांबा. आणि हो, ‘लुक-का पाय पाय’ ऐका. बिघडलेल्या गाडीच्या इंजिनचा आवाज ऐकून ते सुचलं अशी गोष्ट सांगतात. यष्टीने घाट चढलेल्या कुणालाही ती खोटी वाटणार नाही.

एवढे चांगले होते तर नाव का नाही झालं? बीटल्स, रोलिंग स्टोन्स सगळ्यांना माहीत, हे कुणालाच नाही. (एक गृहिणी, ठाणे)

ताई, त्यांचं वाजवणं तुम्ही ऐकलेलं असण्याची बरीच शक्यता आहे, फक्त वर नाव दुसऱ्याचं. १९७३ चं डॉक्टर जॉनचं ‘राइट प्लेस राँग टाइम’, मागे मीटर्स. रॉबर्ट पामरचा १९७४ चा ‘स्नीकिन सॅली’वाला अल्बम, त्यात मीटर्स. लाबेल या तिघींचं ‘लेडी मार्मलेड’, जे १९७५ ला अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेलं, त्यात मीटर्समधली माणसं. सगळ्याच्या मागे टूसाँ. २००५ मध्ये एमरी या गायिकेचं ‘वन थिंग’ गाजलं, त्यातला तो उड्या मारणारा ड्रम मीटर्सच्या रेकॉर्डमधून कापून घेतलेला, आणि त्या मूळ तुकड्याचं नाव काय तर ‘ओ, कलकत्ता!’ (आपल्या कलकत्त्याशी काही संबंध नाही, त्या नावाच्या नाटकातलं संगीत आहे ते.) हिप-हॉपवाल्यांनी तर यांना विहिरीसारखं वापरलंय, पब्लिक एनिमीने १९८७ ला ‘जस्ट किस्ड माय बेबी’ उचललं तेव्हापासून जो तो पोहरा टाकतोय.

आणि बीटल्स, स्टोन्स म्हणालात ना, त्यांना हे पक्कं माहीत होते! पॉल मॅकार्टनी १९७५ च्या सुरुवातीला ‘व्हीनस अँड मार्स’ रेकॉर्ड करायला न्यू ऑर्लिन्सला, टूसाँ-सीहॉर्नच्या सी-सेंट स्टुडिओत आला, आणि त्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियात ‘क्वीन मेरी’ या नांगरून ठेवलेल्या जुन्या जहाजावर त्याने पार्टी दिली तिथे वाजवायला मीटर्स. त्याच वर्षी स्टोन्सच्या अमेरिकेच्या दौऱ्यात आधी वाजवायला मीटर्स, पुढच्या वर्षी युरोपातही मीटर्स. हजारो माणसांपुढे. पण लोक आलेले स्टोन्सला बघायला. लग्नात जेवण कितीही फक्कड असलं तरी फोटो नवरा-नवरीचाच निघतो.

मग फुटला कशामुळे? इगो? बायका? पैसा? (एक वाचक, नाशिक. यांनी पुढे लिहिलंय की त्यांचाही बँड सध्या ‘त्याच मार्गावर’ आहे.)

बायका नाहीत. इगो असेलच, चार माणसं एका गाडीतून दहा वर्षं फिरली की चपला कुठे काढायच्या यावरूनही इगो होतो. पण मला विचाराल तर मीटर्स हिशेबावरून फुटला, आणि हिशेबात मी नावही धरतो.

मांडणी बघा. जो माणूस तुम्हाला काम देतो तोच तुमचा निर्माता, त्याच्याच भागीदाराकडे व्यवहार, गाण्यांचं प्रकाशन त्यांच्या कंपनीकडे, पुढे स्टुडिओही त्यांचाच. चारी बाजूंनी एकच भिंत. तुम्ही विचारणार कुणाला की माझे किती झाले? विशीतली पोरं, रोज वाजवायला मिळतंय यातच खूश, कागद कोण वाचतो. पुढे अनेक वर्षं या बँडमधल्यांनी रॉयल्टीबद्दल उघड तक्रारी केल्या. मी टूसाँला व्हिलन करणार नाही, त्याच्याशिवाय मीटर्स त्या बारच्या बाहेर पडले असते का याचीच शंका आहे, आणि माणूस म्हणून, संगीतकार म्हणून तो फार मोठा होता. पण घर त्याचं होतं आणि हे त्या घरातले भाडेकरू, पावतीशिवायचे.

त्यात दोन-तीन गोष्टी एकदम झाल्या. १९७५ ला सिरिल, म्हणजे आर्टचा सगळ्यात धाकटा भाऊ, गायला आणि परकशनला बँडमध्ये आला. चांगलं झालं, ‘फायर ऑन द बायू’ त्याच्याशिवाय तसा झाला नसता, पण चौघांच्या चौकटीत आता दोन सख्खे भाऊ. मग १९७६ ला त्यांच्या मामांचा रेकॉर्ड निघाला. मामा म्हणजे जॉर्ज लँड्री, ‘बिग चीफ जॉली’. न्यू ऑर्लिन्समध्ये मार्डी ग्राच्या, म्हणजे कार्निव्हलच्या शेवटच्या दिवशी कृष्णवर्णीय मंडळींच्या टोळ्या मणी-पिसांचे भलेमोठे पोशाख घालून रस्त्यावर येतात, त्यांना मार्डी ग्रा इंडियन्स म्हणतात (हे इंडियन म्हणजे आपण नव्हे, अमेरिकेच्या मूळ रहिवाशांवरून पडलेलं नाव). वर्षभर रात्री जागून एकेक मणी हाताने शिवायचा आणि पुढच्या वर्षी नवा पोशाख. मामा ‘वाइल्ड चॉपिटूलस’ टोळीचे प्रमुख. त्यांच्या त्याच नावाच्या रेकॉर्डवर मीटर्स वाजले आणि चारही नेव्हिल भाऊ, आर्ट, चार्ल्स, एरन, सिरिल, एकत्र गायले. रेकॉर्ड सुंदर आहे, पण मीटर्सच्या दृष्टीने घरात आलेला पाहुणा घरच घेऊन गेला असं झालं. भावांना एकमेकांच्या आवाजाची चव लागली.

मग आला १९७७ चा ‘न्यू डायरेक्शन्स’, सॅन फ्रान्सिस्कोत, टूसाँशिवाय, दुसरा निर्माता डेव्हिड रुबिन्सन. नाव बघा, नवी दिशा! मला हा रेकॉर्ड गुळगुळीत वाटतो, फरशी पुसून ठेवल्यासारखा, काहींना आवडतो. तो चालला नाही. आर्ट आणि सिरिल त्याच वर्षी बाहेर पडले आणि भावांसोबत नेव्हिल ब्रदर्स उभं राहिलं. उरलेल्यांनी बँड पुढे न्यावा तर ‘मीटर्स’ या नावावर टूसाँ-सीहॉर्नकडून हक्क सांगितला गेला. कोर्टात जायला ना पैसा ना दम. सोडून दिलं.

आपल्याकडे तमाशाचा फड फुटतो तेव्हा काय होतं ते तुम्ही पाहिलं असेल. दोन भाऊ वेगळे होतात, पण कनातीवर नाव रंगवलेलं असतं ते माणसाचं, अमुक सह तमुक, त्यामुळे ज्याचं नाव तो ते घेऊन जातो, उरलेला दुसरं रंगवतो आणि पुढच्या जत्रेत दोन्ही फड समोरासमोर उभे. मीटर्समध्ये कुणा माणसाचं नावच नव्हतं. ‘आर्ट नेव्हिल सह मंडळी’ राहिले असते तर गोष्ट वेगळी झाली असती का? कुणास ठाऊक, मला वाटतं झाली असती.

आता तुमच्या बँडचं. अजून बोलताय एकमेकांशी? मग याच आठवड्यात बसा आणि साध्या कागदावर लिहा: नाव कुणाचं, कुणी सोडलं तर नावाचं काय, गाणी कुणाच्या नावावर, सुपारीचे पैसे कसे वाटायचे, पेट्रोल आधी वजा की नंतर. सह्या करा, फोटो काढून ठेवा, आणि मोठं काम यायला लागलं तर वकिलाकडून नीट करून घ्या. आमच्या त्या पुण्याच्या बँडचं वाटोळं एका हॉटेलच्या न मिळालेल्या साडेचारशे रुपयांवरून झालं. हॉटेलने बुडवले ते बुडवले, आम्ही मात्र ते कुणी मागायला जायचं यावरून दोन वर्षं बोलत नव्हतो.

एरन नेव्हिलचा आवाज मला फार आवडतो. तो मीटर्समध्ये होता का? (एक वाचक, पणजी)

नाही. ‘वाइल्ड चॉपिटूलस’वर तो मीटर्सच्या संगतीने गायलाय, पण बँडमध्ये नव्हता. त्याच्यासाठी नेव्हिल ब्रदर्सचा १९८९ चा ‘यलो मून’ घ्या आणि रात्री ऐका.

परत कधी एकत्र आले का? आता कोण आहे? आणि सुरुवात कुठून करू? (एक निवृत्त बँक कर्मचारी, अहिल्यानगर)

आले, तुकड्यातुकड्याने. १९८९ नंतर आर्ट आणि पोर्टर पुन्हा वाजवायला लागले, ड्रमवर रसेल बॅटिस्ट, पुढे गिटारवर ब्रायन स्टोल्ट्झ, आणि नाव ‘फंकी मीटर्स’. नावाच्या मागे लागायचा कंटाळा आला की पुढे एक विशेषण लावायचं, ही युक्ती आपल्या मिसळवाल्यांनाही ठाऊक आहे. मूळ चौघं २००० साली एका रात्रीपुरते सॅन फ्रान्सिस्कोत आणि मग २००५ च्या वसंतात गावच्या जॅझ फेस्टला उभे राहिले. त्याच ऑगस्टमध्ये कतरिना वादळ आलं, शहर पाण्याखाली गेलं आणि सी-सेंट स्टुडिओ बुडाला. २०१८ मध्ये ग्रॅमीवाल्यांनी जीवनगौरव दिला. आर्ट २०१९ च्या जुलैत गेला, ८१ वर्षांचा होऊन.

सुरुवात ‘रिजुव्हिनेशन’पासून करा, त्यातलं ‘हे पॉकी अ-वे’ लावा, शब्द कळले नाहीत तरी चालतील, मूळ त्या इंडियन टोळ्यांच्या आरोळ्या आहेत. मग मागे जोसीच्या दिवसांकडे या. ‘न्यू डायरेक्शन्स’ सगळ्यात शेवटी ठेवा किंवा ठेवूच नका.

आणि तुम्ही पत्रात लिहिलंय की रविवारी जुन्या बाजारात रेकॉर्ड धुंडाळता, म्हणून खास तुमच्यासाठी. सत्तरच्या सुरुवातीला, जोसी बुडाल्यावर बँडचं काय होणार कळत नव्हतं तेव्हा लिओ नोसेंटेलीने एकट्याचा एक रेकॉर्ड केला होता. फंक नाही, साधी गिटार घेऊन गायलेली हळवी गाणी, संगतीला टूसाँ पियानोवर, पोर्टर बेसवर. तेवढ्यात रिप्रीझचा करार झाला, बँड पुन्हा धावायला लागला आणि ती टेप फडताळात पडली. कतरिनात ती गेली असंच सगळ्यांनी धरलं होतं. सापडली कुठे, तर कॅलिफोर्नियातल्या जुन्या बाजारात, स्टुडिओच्या इतर खोक्यांबरोबर विकायला मांडलेली! २०२१ ला ती ‘अनदर साइड’ नावाने निघाली तेव्हा लिओ पंचाहत्तरीचा होता. तेव्हा रविवारी खोकी तळापर्यंत उपसा, आणि काही सापडलं तर आधी मला फोन.